राहेलकाकींचं कपाट आणि व्हिक्टरची कॉफी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आपण आपले रोज चारला जाऊन बसतो, कॉफी मागवतो, दुकानदारांच्या नावाने खडे फोडतो आणि घरी जातो. वर्षा-दोन वर्षांनी बघावं तर पेल्याच्या तळाशी हा एवढा गाळ! आता मी सांगायला बसलो की माझी मुलगी हिब्रूत म्हणते, "अब्बा, हे तू मागच्या आठवड्यात सांगितलंस." सांगितलं असेल. पुन्हा ऐकायला काय जातं?

तर गोष्ट बासष्ट-त्रेसष्ट सालची. आम्हा ज्यूंच्या नव्या देशातलं हे अश्दोद शहर तेव्हा अर्धं उभं होतं आणि अर्धं माझ्या टेबलावर होतं. मी बंदराच्या कामावर नकाशे काढायचो. गावातल्या इमारती सगळ्या एका साच्याच्या, मधे वाळू, वाळूपलीकडे समुद्र. दुपारी एक ते चार दुकानं बंद. चारला ती उघडायची, म्हणजे उघडतील अशी आम्हाला आशा असायची. त्या आशेवर आम्ही व्हिक्टरच्या कॅफेत बसायचो.

व्हिक्टर अलेक्झांड्रियाचा. पांढरा शर्ट, काळा बो, पायात वाळूने भरलेले बूट. तिथे त्याच्या वडिलांचं समुद्रासमोर मोठं कॅफे होतं म्हणे. इथे त्याच्याकडे एक खोली, सहा टेबलं आणि तोच समुद्र होता. दुपारी वारा पडला की तो दारात उभा राहून डोळे अर्धे मिटायचा. मला वाटतं त्याला तेव्हा दोन्हीकडचं एकदम दिसत असावं. मलाही त्या वेळी समोरच्या रिकाम्या वाळूत रस्ते, झाडं, दिवे दिसायचे. आम्ही दोघे स्वप्नाळू, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं.

आमच्या टेबलावर आम्ही तिघे. मी, माझ्याबरोबर बंदरावर काम करणारा डॅनी, आणि सॅमसनकाका.

*

सॅमसनकाका माझ्यासारखेच मराठी ज्यू, ठाण्याचे. चाळीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते. मुलगा आधी इकडे आला, त्याच्या मागोमाग काका आणि राहेलकाकी आले. मुलगा लष्करात, त्यामुळे घरात दोघंच. येऊन चार दिवस झाले तेव्हा मी काकांना पहिल्यांदा व्हिक्टरकडे नेलं.

व्हिक्टर लांब दांड्याच्या पितळी भांड्यात कॉफी करायचा. तीनदा वर येऊ द्यायचा, वेलची घालायचा, छोट्या पेल्यात ओतायचा आणि म्हणायचा, "आता थांबा." गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं, वरवरची कॉफी प्यायची आणि तळाचा चिखल सोडून द्यायचा.

काका जन्मभर चहा प्यायलेले. त्यांनी थांबण्याऐवजी चमचा घेतला आणि पेला खळखळून ढवळला. बसलेलं सगळं वर! एक घोट, पुन्हा ढवळणं. एक घोट, पुन्हा ढवळणं. शेवटी तळाला राहिलेलं त्यांनी चमच्याने खरवडून खाल्लं. मी म्हटलं, "काका, ते टाकायचं असतं." काका काळ्या दातांनी म्हणाले, "आम्हाला पानात टाकायची सवय नाही."

व्हिक्टर हे सगळं बघत होता. दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा त्याने कमरेत वाकून विचारलं, "मस्यू सॅमसन, आज प्यायला आलात की जेवायला?"

*

मग एकदा काकी आल्या. नऊवारी नेसलेल्या, हातात पर्स, चेहऱ्यावर 'बघू तरी काय आहे ते'. व्हिक्टरने खुर्ची पुसून दिली आणि कॉफी आणली. काकींनी पर्स उघडली, आतून चहाची गाळणी काढली आणि कॉफी गाळणीतून बशीत ओतली!

सगळं कॅफे बघत होतं. व्हिक्टरने छातीवर हात ठेवला. "मादाम, तुम्ही माझ्या कॉफीचा जीव गाळून टाकलात!"

"जीव असता तर गाळणीत सापडला असता," काकी म्हणाल्या. "ह्यात दूध कुठाय? जायफळ कुठाय?" एक घोट घेऊन त्यांनी बशी पुढे सारली.

घरी जाताना त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर काकांना निर्वाणीचं सांगितलं. दोघं ठाण्याहून एक मोठी पत्र्याची ट्रंक घेऊन आले होते. मुंबईच्या धक्क्यावर तिला दोर बांधला होता, तो काकींनी अजून सोडला नव्हता. हाताच्या पिशवीत आलेल्या दोन साड्या त्या आलटूनपालटून नेसत होत्या.

"ट्रंकेचा दोर सोडून साड्या ठेवू कुठे? वाळूत? आधी कपाट आणा," काकी म्हणाल्या. "दारफळणीच्या सणापर्यंत वाट बघीन. तोपर्यंत कपाट नाही आलं तर ट्रंक आहे तश्शी उचलायची आणि मी चालले ठाण्याला, एस्तरकडे. तुम्ही बसा इथे कॉफी खात!"

एस्तर म्हणजे काकींची धाकटी बहीण. दारफळणी म्हणजे आमचा कडक उपासाचा दिवस. त्याला अजून दहा-अकरा महिने होते. आम्ही हसलो. काका हसले नाहीत. चाळीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने काढलेला माणूस, पण म्हातारपणी एकटं राहायच्या नुसत्या विचाराने त्यांनी कॉफी न ढवळताच पेला खाली ठेवला. मला त्यांची फार दया आली आणि हसल्याची लाज वाटली.

*

काकांनी दुसऱ्याच दिवशी फर्निचरच्या दुकानात कपाट पसंत केलं. दोन दारांचं, आत पाच फळ्या, दारांवर बाहेरून आरसे. कधी मिळेल? दुकानदार गोड हसून म्हणाला, "माखार!" माखार म्हणजे उद्या.

आता इथे 'उद्या' म्हणजे काय हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तो एक शिष्टाचार होता, जसं आपण पाहुण्याला 'बसा, जेवूनच जा' म्हणतो. पण काका पडले रेल्वेचे. त्यांच्या लेखी उद्या म्हणजे उद्या! सकाळी आठला ते खिशातलं घड्याळ हातात धरून दुकानाच्या पायरीवर हजर. "माखार!" पुन्हा दुसऱ्या दिवशी आठला हजर. "माखार!" काका रोज डायरीत लिहायचे : 'कपाट. आज अपेक्षित. एक दिवस लेट. दोन दिवस लेट.'

"अरे, गाडी लेट असली तर निदान स्टेशनमास्तर तोंड पाडून उभा असतो," काका आम्हाला सांगायचे. "हा तर हसतो!"

तीन आठवड्यांनी दुकानदाराने त्यांच्यासाठी पायरीवर खुर्ची ठेवली. पाचव्या आठवड्यात खुर्ची आत गेली. पुढे पुढे दुकानदाराला कुठे जायचं असलं की तो काकांना गल्ल्यापाशी बसवून जायचा.

एक दिवस काका चारला व्हिक्टरकडे आले ते गालात हसत. सकाळी दुकानदार बाहेर गेला होता आणि एक बाई तणतणत आत आली. तिचं टेबल दोन महिने आलं नव्हतं. "मग तुम्ही काय सांगितलंत?" डॅनीने विचारलं.

काका म्हणाले, "मी घड्याळ बघितलं, गोड हसलो आणि म्हटलं, माखार! काय मोकळं वाटलं म्हणून सांगू!"

*

हा किस्सा माझ्या अंगावर शेकलेला आहे, पण सांगतो.

व्हिक्टरने कॅफे घेतलं तेव्हा समोर रस्ता नव्हता. त्याने मला विचारलं, "तू नकाशेवाला. रस्ता कुठून जाणार?" मी ऐटीत एक नकाशा आणून त्याच्या टेबलावर पसरला. समुद्राच्या बाजूने मोठा रस्ता, दुतर्फा खजुराची झाडं. व्हिक्टरने त्या बाजूला दार पाडलं, तिकडे टेबलं मांडली, टेबलांवर चौकड्यांची कापडं घातली. आम्ही वर्षभर त्या न झालेल्या रस्त्याच्या कडेला बसून कॉफी प्यायलो. व्हिक्टर कधीकधी पेला ठेवताना म्हणायचा, "आज रहदारी कमी आहे."

आणि मग रस्ता आला. कॅफेच्या मागून!

मी त्याला शेजारच्या वस्तीचा नकाशा दाखवला होता. सगळ्या इमारती सारख्या, मला तरी काय कळणार? कॅफेची पाठ, मोरीचा पाइप आणि कचऱ्याचा डबा मोठ्या रस्त्याकडे, आणि दार वाळूकडे. मी तीन दिवस तोंड लपवून हिंडलो. चौथ्या दिवशी जाऊन म्हटलं, "व्हिक्टर, मी माणसं आणतो, आपण दार मागच्या बाजूला पाडू."

त्याने माझ्यापुढे कॉफी ठेवली, समुद्राकडे बघितलं आणि म्हणाला, "कशाला? रस्त्याला कॉफी हवी असेल तर तो वळून येईल."

*

कपाट आलं. खरंच आलं! पण नुसती दारं.

दोन माणसांनी आरसे लावलेली दोन दारं दुसऱ्या मजल्यावर काकांच्या घरी चढवली, भिंतीला टेकवली आणि निघाली. काका विचारताहेत, "बाकीचं?" माणसं जिन्यातून म्हणताहेत, "माखार!"

काकी त्या दारांकडे बघत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आता ह्यांत काय ठेवू? माझं तोंड?"

पण झालं असं की आख्ख्या इमारतीत एवढा मोठा आरसा कोणाकडेच नव्हता. शुक्रवारी दुपारी, शब्बाथच्या म्हणजे आमच्या आठवड्याच्या सुटीच्या आधी, बायका-पोरी केस विंचरायला काकींकडे यायला लागल्या. तळमजल्यावरच्या मोरोक्कोच्या बहिणी, शेजारची रुमानियन शिक्षिका, सगळ्या ओळीने. कोणाची भाषा कोणाला येत नव्हती. काकी मराठीत सांगायच्या, "मागून लोंबतंय बघ तुझं," आणि त्या बाईला बरोबर कळायचं!

दारं खिडकीसमोर टेकवलेली होती. संध्याकाळी मी एकदा गेलो तर दोन्ही आरशांत समुद्र भरला होता. काकी ट्रंकेवर बसून त्याच्याकडे बघत होत्या. खिडकीकडे त्यांची पाठ होती. मी म्हटलं, "काकी, खरा समुद्र मागे आहे." त्या म्हणाल्या, "तो आहेच रे. हा घरातला आहे." मीही शेजारी बसलो. बराच वेळ आम्ही आरशांतला समुद्र बघत राहिलो आणि मला फार बरं वाटलं.

काकांनी मात्र कॅफेत आल्यावर डोकं धरलं. "दारं आहेत, कपाट नाही! असं कुठे असतं?"

व्हिक्टर म्हणाला, "मस्यू, तुम्ही आपल्या शहराचं वर्णन करताय."

*

उन्हाळा लागला तसा डॅनीचा धीर सुटला. म्हणाला, "काका, आठ वाजता जाऊन काही होत नाही. इथे प्रोटेक्सिया लागतो." प्रोटेक्सिया म्हणजे आपला वशिला. "मी लावतो."

डॅनीने आपल्या मुकादमाला विचारलं. मुकादम म्हणाला, मला नाही, पण दवाखान्यातल्या नर्सला विचार, तिची पुष्कळ ओळख. नर्सने डॅनीचं ब्लडप्रेशर घेता घेता एका बस-ड्रायव्हरचं नाव सांगितलं. ड्रायव्हरला गाठायला डॅनी लोद गावापर्यंत जाऊन आला, कारण तो गाडी चालवतानाच बोलायचा. ड्रायव्हरने पोस्टातला एक कारकून सुचवला. कारकुनाने खिडकीची झडप खाली ओढली आणि फटीतून हळूच विचारलं, "फर्निचरचं दुकान ना? तिथे एक फार मोठा माणूस आहे. त्याचा शब्द दुकानदार खाली पडू देत नाही."

"कोण?" डॅनीने श्वास रोखून विचारलं.

"नाव माहीत नाही. एक म्हातारा हिंदी गृहस्थ आहे. रोज सकाळी आठला येतो, हातात घड्याळ, आत गल्ल्यापाशी बसतो. बहुतेक मालकच असावा. दुपारी चारला व्हिक्टरच्या कॅफेत सापडेल. पण जपून बोल, कडक आहे!"

डॅनी आला आणि काकांसमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "साहेब, आमच्या काकांचं एक काम होतं."

*

त्याच उन्हाळ्यात व्हिक्टरचं कॅफे तीन दिवस बंद राहिलं. त्याला कोणीतरी भाजून दळलेल्या कॉफीचं पोतं पाठवलं होतं आणि त्यात निम्मं हरभऱ्याचं पीठ निघालं. त्याने एक घोट घेतला, चूल विझवली, बो काढून ठेवला आणि आत जाऊन अंधारात बसला.

मी काकींना सांगितलं, "व्हिक्टर दार लावून बसलाय. जेवतही नाही. शोक करतोय बिचारा." शोक म्हटल्यावर आमच्या बायका कारण विचारत बसत नाहीत. मयताच्या घरी चूल पेटत नाही, उकडलेली अंडी आणि पाव शेजाऱ्यांनीच न्यायचा असतो. काकींनी अंडी उकडली, पाव घेतला, आलं-वेलची घालून किटलीभर चहा केला आणि वाळूतून चालत कॅफेत गेल्या. दार ढकलून आत शिरल्या, डोक्यावर पदर घेतला आणि शोकाला बसतात तशा सरळ जमिनीवर बसल्या. मी मागे उभा. मला वाटलं आता धरणी पोटात घेईल तर बरं!

व्हिक्टरने अंडी बघितली. अंडी कशासाठी असतात हे त्यालाही ठाऊक होतं. तो खुर्चीवरून उठला आणि काकींसमोर जमिनीवर बसला.

"कोण गेलं?" काकींनी हळू आवाजात विचारलं.

"कॉफी," व्हिक्टर म्हणाला.

मी डोळे मिटून घेतले. आता काकी उठणार, मला दोन शब्द सुनावणार, किटली उचलणार! पण काकी जागच्या हलल्या नाहीत.

"किती वर्षांची सोबत?"

"वडिलांच्या हाताखाली लागलो तेव्हा सात वर्षांचा होतो, मादाम."

"मग बसायलाच हवं," काकी म्हणाल्या आणि त्यांनी अंडं सोलून त्याच्या हातात दिलं.

मग त्याने चहा घेतला. डोळे मिटून, सावकाश. आम्ही वाट बघत होतो. शेवटी म्हणाला, "ही कॉफी नाही. पण हिच्यात खोटंही काही नाही."

चौथ्या दिवशी कॅफे उघडलं.

*

असं करता करता नव्याचा सण, म्हणजे आमचा वर्षारंभ झाला. दारफळणीला सहा दिवस उरले.

त्या दिवसांत काका ढवळायचे बंद झाले होते. कॉफी समोर ठेवली की ते गाळ बसेपर्यंत बघत राहायचे आणि तशीच सोडून द्यायचे. ठाण्याहून एस्तरमावशींचं पत्र आलं होतं : 'तुझ्यासाठी पुढची खोली झाडून ठेवली आहे, कधी निघतेस ते कळव.' काकींनी ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि घडी करून ट्रंकेवर ठेवलं होतं. काकांनी आम्हाला एवढंच सांगितलं.

डॅनी म्हणाला, "काका, तुम्हीही जा ना मग काकींबरोबर."

"आणि बेनी?" काका म्हणाले. बेनी म्हणजे त्यांचा मुलगा. "तो सुटीवर आला की दार कोण उघडेल त्याला?"

डॅनीने पेला काकांपुढे सरकवला.

तेवढ्यात मागच्या रस्त्यावर ट्रक वाजला. आम्ही मोरीच्या बाजूने वळसा घालून बघितलं तर ट्रकवर उभं, दोरखंडाने बांधलेलं, दारं नसलेलं कपाट! काका एक शब्द न बोलता धावले. साठीचा माणूस धावतोय म्हणून आम्हीही धावलो. ट्रक वाळूत रुतला, तेव्हा कॅफेतली सगळी गिऱ्हाइकं आली. व्हिक्टर बो सांभाळत आला. कपाट उतरवलं, वाळूतून वाहून नेलं, दुसऱ्या मजल्यावर चढवलं. आरशांची दारं डॅनीने बिजागऱ्यांना लावली. उघडली, मिटली. कपाट लागत होतं!

खोलीत दहा माणसं घामाघूम उभी होती. काकींनी पुढे येऊन दार उघडलं. आत हात घालून एकेका फळीवरून बोटं फिरवली. लाकडाचा वास घेतला. मग त्यांनी दार हलकेच लावलं.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "आता खाली लियाकडे न्या."

कोणाला काही कळेना. लिया म्हणजे तळमजल्यावरची मुलगी, पेणहून नवऱ्याबरोबर येऊन तिला जेमतेम दीड महिना झाला होता. येऊन आठ दिवसांत बाळंत झाली. नवरा बंदरावर पाळीला, जवळ आई नाही, सासू नाही. काकी रोज सकाळी खाली जाऊन बाळाला तेल लावून न्हाऊ घालायच्या. हे आम्हाला माहीत होतं, पण त्यात विशेष असं काही आम्हाला वाटलं नव्हतं.

"काय बोलतेस राहेल?" काकांचा आवाज चिरका झाला. "अगं, जवळजवळ वर्ष मी रोज सकाळी आठ वाजता..."

"ठाऊक आहे मला," काकी म्हणाल्या. "तिच्या बाळाची दुपटी खोक्यात आहेत अहो. तळमजला, वारा आला की सगळी वाळू आत. आज सकाळी त्या पोराच्या कानातनं मी वाळू काढली. तिला आज हवंय कपाट."

"आणि तुझ्या साड्या? तुझी ट्रंक?"

"राहू दे की बांधलेली."

काकांनी ट्रंकेकडे बघितलं. तिच्यावर एस्तरमावशींच्या पत्राची घडी होती. त्यांना पुढचं विचारायचं होतं, पण त्यांच्या तोंडून ते निघेना. मग मीच विचारलं, "काकी, मग दारफळणीचं काय?"

काकी बाळाची धुतलेली दुपटी खिडकीतल्या दोरीवरून काढत होत्या. त्यांनी एक दुपटं झटकलं, त्याची घडी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला कसली घाई आहे रे? मी काय कुठं चाललेय?"

मग काकांनी कपाटाची आपल्याकडची बाजू उचलली. पलीकडून मी उचलली. काका उलट्या पावलांनी जिना उतरत होते आणि त्यांना पायऱ्या दिसत नव्हत्या, म्हणून व्हिक्टर त्यांच्या मागे राहून एकेक पायरी मोजून सांगत होता.